भाजण्याचा कप

आमच्या घरमालकांनी माझ्या हातचा चहा सहा वर्षं मोरीत ओतला. रोज नाही, पण बाजाराच्या दिवशी बहुतेकदा. कधी चिडून नाही की ओरडून नाही. एक घोट घ्यायचे, डोळे मिटायचे, घोट जिभेवर फिरवायचे आणि मुकाट्यानं उठून मोरीकडं जायचे. दुसरी एखादी असती तर नवऱ्याला सांगून तिनं बिऱ्हाड हलवलं असतं. मी हलवलं नाही, कारण माझं डोकंही त्यांच्यासारखंच तिरपागडं. म्हातारा ओततो किती दिवस, तेच बघायचं होतं मला.

हिंगोलीत त्यांना तोंडावर सगळे आबा म्हणायचे आणि पाठीमागं काढेवाले आबा. मीही पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा घाबरलेच होते. माझ्या नवऱ्याला इथल्या शाळेत मास्तरकी लागली, आणि आम्ही दोन ट्रंका, एक पाटा-वरवंटा आणि माहेरच्या हळकुंडांचं पोतं घेऊन त्यांच्या दारात उभे राहिलो. बाकीचे घरमालक जात विचारतात, पगार विचारतात. आबांनी माझ्या ट्रंकेला नाक लावलं. मग मास्तरांच्या डोक्याजवळ वाकून जोरात श्वास घेतला आणि म्हणाले, "डोक्याला तेल कंचं लावता?"

मास्तर म्हणाले, "वासाचं. काहून?"

"इथं राह्यचं तं खोबऱ्याचं लावा. त्येबी दसऱ्याच्या आठवड्यात न्हाई."

एवढंच. घर मिळालं आम्हाला. मी मास्तरांना म्हटलं, माणूस वेडा आहे, दुसरीकडं बघा. ते म्हणाले, वेडा असेल पण धाबं गळत नाही त्याचं. राहिलो.

दसऱ्याच्या आठवड्याचा अर्थ मग कळला. पावसाळा सरला, हवा कोरडी झाली की आबा कोठीतून पत्र्याचा एक डबा काढायचे, आणि दोन दिवस अख्ख्या घरात फोडणी बंद. हिंग नाही, लसूण नाही, उदबत्ती नाही, अंबाड्यात फूल नाही. पहिल्या वर्षी मी अशी काही भडकले! सणासुदीचं घर, आणि मास्तरांच्या ताटात पांढरं फटक वरण. मी तरातरा ओसरीवर गेले आणि म्हटलं, "आबा, घर भाड्यानं घेतलंय, नाक न्हाई घेतलं तुमचं!"

ते निखाऱ्यांवर राख पसरत होते. मान वर न करता म्हणाले, "मास्तरीणबाई, दोन दिस. मंग वर्सभर हिंगात न्हावा."

मी रागात होते, पण पाय तिथंच खिळले. कारण बाजूला उतरवलेल्या बांबूच्या टोपलीतून जो वास येत होता तो मी जन्मात घेतला नव्हता.

तो चहा होता. आपला उकळून गूळ घातलेला नव्हे. आबा त्याला उलुंग म्हणायचे. तरुणपणी ते कापसाच्या गाठींबरोबर मुंबईला गेले आणि तिथून एका सुताच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर थेट चीनमधल्या अमॉय बंदरात. पेढीच्या वखारीवर राखणदार. वखारीच्या शेजारी चहा भाजणाऱ्यांची आळी होती. आपला हिंगोलीचा माणूस, भाषा येईना, अन्न रुचेना. संध्याकाळी त्या भट्टीशी जाऊन बसायचा. बसता बसता टोपल्या उचलायला लागला, उचलता उचलता भाजायला लागला. अठरा वर्षं राहिले. शेवटी जपान्यांची जहाजं आली आणि पेढी उठली, तेव्हा बाकीच्यांनी रेशीम आणलं, आबांनी सहा डबे चहा आणि पेरूएवढी एक तांबड्या मातीची चहादाणी आणली. गावानं विचारलं, उलुंग म्हणजे काय हो? हे म्हणाले, काळा भुजंग. झालं! तेव्हापासून त्यांच्या ओसरीवर कुणी पाणीसुद्धा प्यायला बसेना.

मी गेले तेव्हा डबे तीन राहिले होते. लढाईमुळं चौथा येण्याचा रस्ता बंद. आबांना पोर ना बाळ. त्यांना एकच घोर होता, आणि तो ते लपवायचे नाहीत. म्हणायचे, "डबे सरतील, त्याचं काय न्हाई. हा हात सरला तं मंग काय? हिंगोलीत एका तरी माणसाला हे आलं पायजे. तिकडं म्हनायचे, तुमच्या मुलखात पाला उकळून पितात. मला त्याहिला दावायचं व्हतं."

शिकायला त्यांनी आधी मास्तरांना घेतलं होतं. चार दिवसांत सोडून दिलं. म्हणाले, "मनगट खडूचं हाय."

मग एक दिवस मी अंगणात ज्वारी पाखडत होते. सूप हलतंय, खडे एका कडेला, दाणा दुसऱ्या. आबा ओसरीवरून बघत होते. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पोरी, इकडं ये." मास्तरीणबाईची पोरी झाले मी, ती त्या सुपावर.

पण शिकणं सुरू होण्याआधी मी एक पराक्रम केला होता, तोही सांगायला हवा. त्यांची ती चहादाणी आतून काळी, बाहेरून डागाळलेली. म्हातारा एकटा, कोण घासून देणार, असा मला कळवळा आला. ते बाजारात गेले होते. मी ती काथ्यानं आणि राखेनं अशी घासली, अशी घासली की नव्या कौलासारखी दिसायला लागली. पालथी घालून वाळवली. कौतुकाची वाट बघत बसले.

आबा आले. चहादाणी उचलली, आत नाक घातलं ते बाहेर काढेचनात.

"काय झालं आबा?"

"अठरा वर्सं बसलं व्हतं हिच्यात," एवढंच म्हणाले. ती घासायची नसते, नुसत्या गरम पाण्यानं विसळायची असते, दरवेळचा चहा तिच्या अंगात मुरत जातो, हे मला नंतर कळलं. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज रडले. नवव्या दिवशी त्यांनीच चूल पेटवली आणि म्हणाले, "चल, आता पुन्ना मुरवू. मला लई वर्सं न्हाईत, तुला हायेत."

तर शिकणं. आबा आधी पानाची गोष्ट सांगायचे. पान डोंगरावरून खुडून आणायचं आणि उन्हात सुकवायचं, मलूल होईस्तोवर. मग बांबूच्या सुपात घालून हलवायचं, थांबायचं, पुन्हा हलवायचं. पानांच्या कडा एकमेकींवर घासून दुखावतात आणि तिथं तांबडा रंग चढतो. हे मला पटेना. आबा उठले, मला घेऊन गावाबाहेर गेले आणि सागाचं कोवळं पान माझ्या तळहातावर चोळलं. हात लाल. आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट, पण मी कधी विचारच केला नव्हता.

"तसंच," म्हणाले. "फकस्त कड. मधलं पान हिरवंच राह्यलं पायजे. तुमच्या हिरव्या लुगड्याला तांबडा काठ असतो न्हाई का, तेवढाच. काठ जास्त झाला तं काळा चहा, न्हाईच झाला तं हिरवा. उलुंग त्या दोहीच्या मधला. लई अवघड जागी उभा हाय बिचारा."

मग तापल्या कढईत परतून तो रंग तिथंच रोखायचा, पान फडक्यात बांधून मळायचं, आणि शेवटी कोळशावर भाजायचं. बाकीचं सगळं चीनमध्ये राहिलं होतं. भाजणं मात्र दरवर्षी इथं करावं लागे, कारण पावसाळ्यात पानाला ओल धरते. त्यासाठी आबांनी बुरुडाकडून टोपली विणून घेतली होती, मधे बारीक, डमरूच्या आकाराची. खाली राखेनं झाकलेले निखारे, मधल्या चाळणीवर पान. पान हलवायचं ते टोपली निखाऱ्यांवरून उतरवूनच, कारण एक कण जरी खाली पडला तरी त्याचा धूर सगळ्यात शिरतो. आच हाताच्या पाठीनं बघायची. आणि बाकी सगळं नाकानं.

"आधी वल्ल्या सुतळीचा वास येईन," ते सांगायचे. "मंग भाजल्या हरभऱ्याचा. तवा जागं व्हायचं. मंग पिकल्या बोराचा. बोर आलं की उतरायचं. बोराच्या म्होरं गेलीस तं कोळसा."

कोळसा आणायची ती तांड्यावरची म्हातारी. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आम्हीही तिला याडीच म्हणायचो. बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन यायची. आबांना फक्त धावड्याचा कोळसा चालायचा. एकदा तिनं त्यात बाभळीचे दोन तुकडे दडवले, तर आबांनी पाटीत नाक घालून ते दोन्ही बरोबर वेचून काढले आणि तिच्या हातावर ठेवले. याडी इतकी हसली की तिचे दंडभर चढवलेले बलोते खुळखुळले. म्हणाली, "बापू, तू मागल्या जन्मी कुत्रा व्हतास काय रं?" आबांना त्याचा केवढा अभिमान! आठवडाभर सांगत होते सगळ्यांना.

कप तीनच. टोपणाएवढे, पांढरे. माणसं कितीही असोत, कप तीन. अमॉयमध्येही तीनच असायचे म्हणे, पण ते कुणाचे हा नेम आबांचा स्वतःचा. एक कप कोळशाचा, एक पाण्याचा आणि एक भाजण्याचा. कोळशाचा याडीला. तांड्यावरच्या बाईला ओसरीवर बसवून आपल्या कपातून चहा देतात म्हणून आळीत कुजबुज झाली. आबा म्हणाले, "इस्तू तिचा. अर्दा चहा तिचाच हाय." पाण्याचा मला, कारण कयाधू नदीच्या वाळूत झिरा खणून त्यातलं निवळशंख पाणी मी आणायची. विहिरीचं त्यांना चालत नसे. आणि भाजण्याचा त्यांचा. तो आधी प्यायचा. भाजणाऱ्यानं मान हलवली तर बाकीच्यांनी घ्यायचा, नाहीतर तिन्ही कप मोरीत.

चहा करायची मी. चहादाणी गरम करायची, पानानं ती अर्धीअधिक भरायची, पहिलं पाणी ओतून लगेच फेकायचं. ते बघून मास्तर दरवेळी हळहळायचे. दुसरं पाणी उंचावरून, झाकण, वरूनही गरम पाणी, आणि पाच श्वास. मग तिन्ही कपांवर हात गोल फिरवत ओतायचं, थोडं याच्यात थोडं त्याच्यात, म्हणजे तिघांचा रंग एक. वाचायला सोपं आहे. सहा श्वास झाले की आबा मोरीकडं निघाले.

आणि जमलं की? जमलं की काही नाही! मान हलवायचे. 'बराबर' हा त्यांचा सगळ्यात मोठा शब्द. तो मी त्यांच्या तोंडून याडीच्या कोळशाला ऐकला होता, आणि एकदा वेळेवर आलेल्या पूर्णेच्या गाडीला. मला नाही. पहिला घोट किंचित कडसर लागायचा आणि मग घशातून गोड वर यायचं, आवळा खाऊन पाणी प्यावं तसं. रिकामा कप नाकाशी धरायचा, त्यात सगळ्यात जास्त वास. मला वाटायचं, एवढं मी माझ्या हातानं केलंय, आणि या माणसाला एक शब्द जड जातो.

मग ती धामधूम आली. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. शाळा बंद पडली, बाजार ओस पडले, लोक पैनगंगा उतरून वऱ्हाडात जायला लागले. पलीकडं माझ्या मावशीचं गाव होतं. आबा यायला तयार नव्हते, पण त्यांना ताप चढला, असा चढला की शुद्ध राहिना. गाडीत गवत अंथरून त्यांना घातलं. तेवढ्यात एकदा डोळे उघडून म्हणाले, "डबा?"

एकच उरला होता तो, तोही अर्धा. मी म्हटलं, "ठेवते नीट. घोर करू नका."

आणि मी ठेवला. आमच्या घरात चांगली वस्तू जिथं ठेवतात तिथं. भिंतीतल्या बळदात माहेरची हळकुंडं भरलेली होती. हळदीत कीड नाही, वाळवी नाही, कुणी हातही घालत नाही. माझी आई आपली पाटली त्यातच ठेवायची. मी माझी बोरमाळ आणि आबांचा डबा हळदीत खोल पुरला आणि बळद लिंपून टाकलं. काय ती माझी हुशारी!

मावशीकडं आबा महिनाभर पडून होते. ताप उतरला, भाकरी खायला लागले. एक दिवस ते चुलीशेजारी बसले होते आणि मावशीनं वरणाला हिंगाची सणसणीत फोडणी दिली. मी दचकून आबांकडं पाहिलं. ते आपले शांत बसलेले. थोड्या वेळानं म्हणाले, "मावशी, आज फोडणी न्हाई का?"

माझ्या हातातलं भांडं पडलं. तापानं त्यांचं नाक गेलं होतं. त्यांनाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग जेवताना मान वर केली नाही.

परत आलो ते दसऱ्याच्या तोंडावर. निजामशाही संपली होती, रस्त्यावर माणसं दिसायला लागली होती. मी बळद फोडलं. बोरमाळ निघाली, डबा निघाला. झाकण उघडलं आणि बघते तर काय. हळद! झाकणाच्या फटीतून आत शिरून पानापानात हळद बसली होती. मागून आबा आले, डब्यात नाक घातलं, सवयीनं डोळे मिटले आणि म्हणाले, "सुखरूप हाय."

मी रात्रंदिवस तेच घोकत होते. मास्तर म्हणाले, "गप्प बस. त्यांना आता काय कळणार? कशाला म्हाताऱ्याच्या जिवाला लावतेस?" खरंच होतं ते. त्यांना कधीच कळलं नसतं. पण सहा वर्षं ज्या माणसानं माझा एक श्वास जास्त झालेला खपवून घेतला नाही, त्याला मी हळदीचं पाणी पाजू? तिसऱ्या दिवशी मी ओसरीवर जाऊन सांगून टाकलं. रडतच सांगितलं.

आबांनी डबा पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "एकदा चहादाणी घासली. आता ह्ये. पोरी, तू लई सुगरण हायेस."

"आबा, मारा मला."

"मारू कशाला? माझं नाक गेलं, तुझ्या हळदीनं चहा गेला. फिटाफीट झाली." मग काठीला टेकून उठले. "टोपली काढ. हळद भाजून जाते का बघू. आच मी बघतो, हात शाबूत हाय माझा. नाक तुझं."

याडी धावड्याचा कोळसा घेऊन आली. मी फोडणी बंद केली, स्वतःच. मास्तर केसांना तेल लावून ओसरीवर आले तर मी त्यांना असं काही झापलं की बिचारे परत आंघोळीला गेले. आबा हाताची पाठ टोपलीशी धरून बसलेले, मी नाक. दुपार झाली तसे म्हणाले, "आता झालं असंन."

"न्हाई आबा. हरभराच आला न्हाई अजून."

शिकायला लागल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना न्हाई म्हटलं होतं. त्यांनी हात पुन्हा टोपलीशी धरला. दिवस कलता कलता हरभरा आला, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर बोर. मी टोपली उतरवली.

पाण्याला निघाले तर घागर जागेवर, पण लहान तांब्या गायब. आबाही गायब. मी घाबरून दारात आले तर म्हातारा काठी टेकत, थांबत थांबत कयाधूकडून येतोय, हातात तांब्या. धोतर गुडघ्यापर्यंत वाळूनं भरलेलं. मी धावले.

"आबा, हे काय? मी आणलं असतं की!"

"मंग मी कंच्या कपावर बसू?" ते म्हणाले. "भाजलं तू. पाणी तरी माझं असू दे."

मी चहा केला. पाच श्वास मोजले. आबांनी एक कप याडीपुढं सरकवला, एक स्वतःकडं घेतला, आणि भाजण्याचा कप उचलून माझ्यापुढं ठेवला. मास्तर, याडी, आबा, तिघं माझ्या तोंडाकडं बघत होते. मी घोट घेतला. कडसर, मग घशातून गोड. आलं होतं सगळं. आणि अगदी शेवटी, जिभेच्या मुळाशी, एवढीशी हळद.

आबांचा चेहरा लहान लेकरासारखा झाला होता. कप ओठाशी नेत म्हणाले, "कसा हाय?"

"ठेवा आबा," मी म्हटलं. त्यांच्या हातातून कप घेतला, याडीच्या हातातून घेतला, माझा घेतला, उठले, आणि तिन्ही कप मोरीत ओतले.

मास्तर ओरडले, "अगं, शेवटचा डबा तो! त्यांना कुठं कळणार होतं?"

आबा हसायला लागले. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं, डोळ्यांतून पाणी वाहिलं त्यांच्या. याडीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाह्यलंस का याडी? फेकला तिनं! माझ्या तोंडाम्होरून घेऊन फेकला! बराबर. एकदम बराबर."

माझ्या हातचा चहा पुढं कितीतरी लोकांनी वाखाणला. त्या मोरीत ओतलेल्या तीन कपांचा मला आजही जितका अभिमान आहे तितका त्या एकाही कौतुकाचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा निखारे केले, टोपली चढवली. आबांनी काठी घेतली, तांब्या घेतला आणि पुन्हा नदीवर पाणी आणायला गेले.